हवामान बदल आणि आपण बेने इस्राएल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उरुसाला, लग्नाला, सणाच्या जेवणाला चार माणसं जमली की हे प्रश्न निघतात. काही प्रेमाने विचारले जातात, काही रागाने. आम्ही म्हणजे ठाणे, मुंबई आणि अलिबागकडची आठ-दहा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, घरं. हवामानासाठी आपल्यापुरतं जमेल ते काम आम्ही मिळून करतो. आमच्यात कोणी शास्त्रज्ञ नाही. धर्माच्या बाबतीत अडलं की आम्ही आपल्या हज्जानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारतो, शेतीचं अडलं की गावातल्या जाणत्याला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिलं आहे.

आपण मूठभर माणसं. आपण काही केलं तरी काय फरक पडणार?

भारतात आज सगळे यहुदी मिळून पाच हजारांच्या आतच आहेत. आपण सगळ्यांनी उद्यापासून दिवा न लावता जगायचं ठरवलं तरी हवेतला कार्बन मोजण्याइतकासुद्धा कमी होणार नाही. हे मी आधीच मान्य करते.

पण आपली आडनावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नागावकर, दिवेकर. यातलं प्रत्येक गाव रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या काठाला किंवा नदीच्या तोंडापासून फार लांब नसलेलं. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग उभारलं ते शमुएल इझिकेल दिवेकरांनी. त्यांच्या आडनावात दिवे आगर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि दिवे आगर, श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांचे माड आणि पोफळी अर्ध्या दिवसात गेल्या. पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते येऊन गेलं. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी भातखाचरात शिरतं, आणि मग ती जमीन पुन्हा पिकायला काही वर्षं जातात.

दोन हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आपण सांगत आलो. या मातीने आपल्याला कधी हाकललं नाही, कधी छळलं नाही. तिच्यावर वेळ आली असताना आपली संख्या किती हे मोजत बसणं मला पटत नाही.

याला धर्मात आधार आहे, की हे नवं खूळ आहे?

आधार आहे, आणि तो आपल्याच धंद्याच्या भाषेत आहे.

आपल्या धर्मग्रंथातल्या देवारीम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आज्ञा आहे: शहराला वेढा घातलात तरी त्याच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. युद्धातसुद्धा नाही. त्यावरून ‘बाल तशखित’, म्हणजे नासधूस करू नये, हा नियम निघाला आणि पुढे रब्बींनी तो अन्न, कपडे, भांडी, इंधन अशा सगळ्याला लावला. तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथात, शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या) खंडात, एक फार बारीक गोष्ट आहे: तेलाच्या दिव्यावर जो झाकण घालतो, किंवा नाफ्थ्याच्या दिव्याचं झाकण जो काढतो, तो बाल तशखित मोडतो. कारण तसं केलं की तेल गरजेपेक्षा भराभर जळतं.

आपण कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जायचो. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. तेलाच्या एकेका थेंबाला किती तीळ आणि किती फेरे लागतात हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना दिव्याचा हा नियम समजावून सांगावा लागला नसेल. आणि घाणा थांबला की बैलही जुवातून सुटायचा. शेमोथ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तेच लिहिलं आहे: सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल. माणसाच्या आधी जनावराचं नाव घेतलं आहे, हे मला दर वेळी वाचताना थांबवतं.

आपल्या प्रार्थनेत पाऊस हिवाळ्यात मागतात. कोकणात त्याचा काय उपयोग?

हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तेव्हा आमच्यातल्या कोणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

शरदातल्या शेमिनी अत्सेरेथ सणापासून वसंतातल्या पेसाख सणापर्यंत आपण ‘माशीव हारुआख उमोरीद हागेशेम’ म्हणतो, वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा. आणि इस्रायलबाहेर डिसेंबरच्या ४-५ तारखेपासून ‘दव आणि पाऊस दे’ हे मागणं सुरू होतं. इस्रायलमध्ये पावसाळा हिवाळ्यात असतो. इकडे डिसेंबरात हापूसला मोहोर धरायचे दिवस. त्या वेळी पाऊस पडला तर त्याला आपण अवकाळी म्हणतो. मोहोर काळा पडतो, गळतो, आणि बागायतदार डोक्याला हात लावून बसतो. हल्ली तर हे दर एक-दोन वर्षांनी घडतं आहे.

मग आपण काय मागतो आहोत? शोध घेतल्यावर कळलं की हा प्रश्न आपल्याआधी निनवे शहराच्या लोकांनी विचारला आहे. तालमूदच्या ताआनीथ खंडात आहे. त्यांनी रब्बी येहुदा हन्नासींना निरोप पाठवला: आम्हाला तर तम्मूज महिन्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं? उत्तर आलं: एकट्या माणसाने गाऱ्हाणं मांडावं तसं मागा, ‘शोमेआ तेफिला’ या बरकतीत, म्हणजे आशीर्वचनात. ‘प्रार्थना ऐकणारा’ असा तिचा अर्थ.

तम्मूज म्हणजे साधारण आपला आषाढ.

समाजाची ठरलेली प्रार्थना एरेत्झ इस्रायलच्या, म्हणजे इस्रायलच्या भूमीच्या, पावसाची आहे आणि ती तशीच राहते. पण आपल्या जमिनीला हवा असलेला पाऊस त्याच्या वेळेला मागायची जागाही प्रार्थनेत आहे. माझे आजोबा जूनचा दुसरा आठवडा उलटूनही पाऊस नसला की त्या एका बरकतीपाशी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे. सगळ्यांचं वाचून झालेलं असायचं आणि ते अजून ओठ हलवत असायचे. लहानपणी मला वाटायचं ते विसरले. आता कळतं ते भाताच्या रोपांबद्दल बोलत होते.

आमचं सगळं काम या एका उत्तरावर उभं आहे. आज्ञा सगळीकडे एकच; ऋतू मात्र ज्या त्या मातीचा.

एलियाहू हन्नाबीच्या उरुसाला झाडं का लावत नाही?

तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नवं वर्ष, आपल्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, उरूस म्हणून पाळतात. अलिबागजवळ खंडाळ्याला जायचं, टापाच्या खडकाचं दर्शन घ्यायचं, मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचा. जगभरचे यहुदी त्या दिवशी रोपं लावतात, म्हणून पहिल्या वर्षी आम्हीही लावली. चाळीस रोपं, मुलांच्या हातून, प्रत्येकाला नाव देऊन. उरूस येतो जानेवारी-फेब्रुवारीत. पुढे चार महिने आभाळातून थेंब नाही. मार्चमध्ये विहिरीने तळ दाखवला, आम्ही ठाण्याहून पाणी घालायला जात होतो, तेही फक्त रविवारी, कारण शब्बाथला ते काम नाही. मेअखेर तीन रोपं उरली. ज्या मुलांनी नावं दिली होती त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न आमच्यापुढे होता.

चूक आमची होती. इस्रायलमध्ये त्या सुमाराला हिवाळी पाऊस होऊन जमीन ओली असते, बदामाला फुलं येतात. इकडे तेव्हा ओल उतरलेली असते. आता उरुसाला आम्ही बियाणं निवडतो आणि लागवड आषाढात करतो. बियाण्याच्या नारळाबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे.

वादळात मोडलेला माड तोडला तर बाल तशखित होतं का?

निसर्गनंतर हा प्रश्न कित्येक घरांत खरोखर आला. नारळाचं फळझाड, त्यात आजोबांनी लावलेलं. हात धजत नाही.

थोर धर्मशास्त्रकार रामबामने नियम स्पष्ट केला आहे: दुसऱ्या झाडांना किंवा दुसऱ्याच्या शेताला त्रास होत असेल, किंवा लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त असेल, तर झाड तोडता येतं, मनाई नुसत्या नासधुशीला आहे. तालमूदमध्ये तर किती फळ देणारं झाड राखायचं याचं मापही आहे. माडाचं असं की त्याला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो मोडला की माड पुन्हा फुटत नाही. उभा खांब तेवढा राहतो आणि गेंड्या आणि सोंड्या भुंग्याला घर मिळतं. तिथून कीड शेजारच्या वाडीत जाते. असा माड काढावाच. नुसता कललेला, शेंडा शाबूत असलेला माड मात्र घाईने तोडू नका. आमच्या मामींच्या परसातला एक माड जवळजवळ आडवा झाला होता, त्यांनी टेकू दिला, आता त्याचा शेंडा पुन्हा आभाळाकडे वळला आहे आणि नारळ धरतो आहे.

खोड वाया घालवू नका. वासे, साकव, गोठ्याचे खांब, सगळं होतं.

शब्बाथला दिवे बंद करता येत नाहीत. मग रात्रभर वीज जळते, त्याचं काय?

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत साधारण २५ तास होतात. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढा वेळ चालू राहिला तर दीड युनिट. नऊ वॅटचा एलईडी राहिला तर पाव युनिटच्या आत. बल्ब बदलणं हे सगळ्यात सोपं काम, ते झालंच असेल. त्यापुढे टायमर: शुक्रवारी दुपारी लावून ठेवला की दिवा आपोआप बंद होतो, आणि शब्बाथही मोडत नाही. पंख्यालाही चालतो. तुमच्या घरी कडक पाळत असाल तर आपल्या हज्जानला विचारून लावा.

पण या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे. त्या २५ तासांत ज्या घरात शब्बाथ पाळला जातो तिथे गाडी निघत नाही, खरेदी होत नाही, वॉशिंग मशीन चालत नाही. आठवड्यातला सातवा हिस्सा. पूर्ण पाळत नसाल तर निदान गाडी त्या दिवशी उभी ठेवा, एवढीच आमची विनंती.

मलिदा आणि किद्दुशला थर्माकोलच्या ताटल्या का बंद केल्या?

राज्यात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, हे एक कारण. पण ज्येष्ठांची अडचण खरी होती: मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी, दोन-दोन संच ठेवायला जागा नाही, घासायला माणूस नाही, म्हणून टाकाऊ ताटल्या आल्या.

उपाय आपल्या जेवणातच सापडला. मलिद्यात काय असतं? भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुका मेवा, वर पाच फळं. ना मांस, ना दूध. समाजाच्या जेवणात आपण आधीपासून नारळाचं दूध वापरतो, मटणाच्या रश्शातसुद्धा, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. तेव्हा सामुदायिक जेवण पूर्ण शाकाहारी आणि दुधाशिवाय ठेवलं की स्टीलच्या ताटांचा एकच संच पुरतो. आम्ही साठ ताटं वर्गणीतून घेतली. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ-सणाला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वचनासाठी, मनुकांचं शरबत घरचंच असतं, ते छोट्या स्टीलच्या पेल्यांत. घासण्याची पाळी लावली आहे आणि पाळीत पुरुषांचीही नावं आहेत. मोरीत साठ ताटांचा ढीग, कडेला नारळाच्या शेंड्यांचा घोसळा आणि राख, आणि दोन पिढ्या शेजारी शेजारी बसून जुन्या गावाच्या गोष्टी बोलताहेत, हे मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

मांस-मासे सोडायला सांगणार का?

नाही. कोशेर, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे कापलेलं, मटण-कोंबडी मिळवणं आजही सोपं नाही, त्यामुळे बहुतेक घरांत आठवड्यातले बरेच दिवस वरण-भात-भाजीच असते. बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बआवला, आपण मोड आलेल्या वालांचं बिरडं करतो. ते महिन्यातून दोनदा करा, एवढं सांगतो. वाल कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही.

माशांबद्दल मात्र आग्रह आहे. खवलं आणि पर असलेलेच मासे आपल्याला चालतात; कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वर्ज्य. म्हणून आपली सगळी भिस्त पापलेट, सुरमई, रावसावर. पापलेट कमी होत चाललं आहे, म्हणूनच २०२३ मध्ये ते राज्यमासा म्हणून जाहीर झालं. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेलं असतं.

कब्रस्तानातली झाडं साफ करून जागा मोकळी का करत नाही?

कारण ती जागा आपल्या पूर्वजांची आहे. कब्रस्तानात गुरं चारू नयेत, तिथून पाण्याचा पाट नेऊ नये, असं तालमूद सांगतो. त्यामुळेच कोकणातल्या कित्येक गावांत आपलं कब्रस्तान हा जुन्या झाडांचा शेवटचा तुकडा राहिला आहे. कबरींवरची मुळं आणि काटेरी झुडपं काढायची, शिलालेख मोकळे करायचे, कुंपणालगतची मोठी झाडं राखायची, एवढंच काम आम्ही करतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. पाचोळा जाळत नाही, कुंपणाच्या आतच कुजू देतो. कबरीच्या जागेवरच्या झाडाचं फळ किंवा लाकूड घ्यावं की नाही, हे प्रत्येक वेळी विचारून ठरवतो.

सिनेगॉगवर सोलर बसवणार का?

एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आपल्या बहुतेक जुन्या इमारती मंगलोरी कौलांच्या, लाकडी वाशांच्या. आधी वाशांची ताकद तपासून घेणं आणि इमारत वारशाच्या यादीत असेल तर परवानगी घेणं, हे पहिलं काम. घाई करणार नाही. नेर तामीद, म्हणजे सिनेगॉगमधला अखंड दिवा, मात्र तेलाचाच राहील: काचेच्या हंडीत खाली पाणी, वर तेल, त्यावर वात. त्याला वीज लागत नाही.

इस्रायलमधले आपले लोक काय करतात?

लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथल्या आपल्या नातेवाइकांच्या छतांवर ‘दुद शेमेश’ दिसतो, सूर्याच्या उन्हावर पाणी तापवणारी टाकी. १९८० पासून नव्या घरांना तो कायद्यानेच लागतो. सांडपाण्याचा फार मोठा हिस्सा शुद्ध करून तिकडे शेतीला देतात. या दोन गोष्टी ठाण्यातल्या सोसायट्यांत सहज होण्यासारख्या आहेत.

अवघड गोष्ट विमानाची आहे. मुंबई ते तेल अवीव जाऊन येण्यात एका माणसामागे ढोबळ हिशेबाने पाऊण टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरासरी भारतीय माणसाचा वर्षभराचा हिशेब दोन टनांच्या आसपास आहे. तरीही बहिणीला भेटू नका असं मी कोणालाच सांगणार नाही. जिच्या आईची कबर इथे आणि मुलं तिकडे आहेत, तिच्यासाठी तो प्रवास चैनीचा नाही. गेलात तर जास्त दिवस राहून या.

अमेरिका, इंग्लंडमधले यहुदी काय करताहेत?

बरंच. अमेरिकेत २००० साली सुरू झालेली हाझोन ही संस्था २०२३ मध्ये अदामा झाली, २०२० पासून दायेनू हवामानाच्या धोरणांसाठी काम करते, इंग्लंडमध्ये इको सिनेगॉग या नावाने सुरू झालेला उपक्रम आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांच्या याद्या मात्र थंड देशांसाठी आहेत. घर गरम ठेवण्याचे उपाय आपल्या कामाचे नाहीत.

शमिता आपल्याला लागू आहे का?

नाही. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा एरेत्झ इस्रायलच्या जमिनीपुरती आहे. मागचं शमिता वर्ष सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ होतं, पुढचं २०२८-२९ मध्ये.

यहुदी नसलेल्यांनी आलं तर चालेल का?

त्यांच्याशिवाय होतच नाही. खारेपाटातला बांध आगरी शेतकरी सांभाळतात, खाडीचं पाणी कुठे चढतं ते कोळ्यांना कळतं, तिवरं कुठे तोडली जाताहेत हे गावातल्या मुलांना आधी दिसतं. आपण गाव सोडून दोन-तीन पिढ्या झाल्या. आपल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्यासुद्धा शेजाऱ्यांकडेच आहेत. उरुसाच्या मलिद्याला ते येतात, लागवडीला आपण त्यांच्या मागून शिकत जातो.

पुढच्या उरुसाला येतो. बियाण्यासाठी नारळ कसा आणायचा?

बाणवली जातीचा, दरवर्षी नेमाने धरणाऱ्या, मधल्या वयाच्या माडाचा. पुरता पिकलेला, अकरा-बारा महिन्यांचा. सोलून आणू नका, सोडणासकट हवा. कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं पाहिजे. आवाज आला नाही तर तो मलिद्याला द्या. हे नारळ आम्ही सावलीत ठेवतो, पावसाच्या तोंडावर वाफ्यात घालतो, आणि रोप नीट वाढलं की पुढच्या वर्षीच्या आषाढात साडेसात मीटर अंतरावर, एक मीटर खोल खड्ड्यात लावतो. फळ धरायला त्यापुढे सहा-सात वर्षं.

गावाकडे माड उरला नसेल तर शेजाऱ्याच्या वाडीतला मागून आणा. आणि नारळावर तेलरंगाने गावाचं नाव लिहा, म्हणजे रोप तयार झालं की ते कुठे परत न्यायचं ते कळेल.